जुनी नेमबाजी रायफल : दुरुस्ती कुठे थांबवावी?

हवाई बंदूक म्हटले की आमच्या शिरूर अनंतपाळच्या माणसाला माळेगावच्या यात्रेतला फुग्यांचा फळा आठवतो. त्या बंदुकीचा नेम थोडा वाकडा असला तरी चालते, कारण फुगा मोठा असतो. मी लिहिणार आहे ती दहा मीटर नेमबाजीसाठी बनवलेल्या जुन्या स्प्रिंगच्या रायफलीबद्दल. तिथे दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. अंजली भागवत २००० साली सिडनीत आणि सुमा शिरूर २००४ साली अथेन्सला याच प्रकारात अंतिम फेरीत पोहोचल्या.

आज स्पर्धेत टाकीतल्या दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफली असतात. त्यांची किंमत लाखांत जाते. म्हणून माझ्या पुतणीने नेमबाजी शिकायचे म्हटले, तेव्हा एका निवृत्त खेळाडूकडून जुनी डायना ७५ घेतली. तेव्हापासून या यंत्राचा अभ्यास सुरू आहे.

स्प्रिंगच्या बंदुकीत घोडा दाबताच पिस्टन पुढे झेपावतो, हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. पण छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच पिस्टनच्या धक्क्याने बंदूक हलते. जर्मनीतल्या राश्टाट गावच्या डायना कारखान्याने यावर गिस पद्धत वापरली. एक पिस्टन पुढे जातो, त्याच वेळी तेवढ्याच वजनाचा दुसरा मागे जातो. दोघे दातेरी चाकांनी जोडलेले असतात. धक्क्याला धक्का कापतो आणि रायफल हातात शांत राहते.

या शांतपणाचा शत्रू म्हणजे पिस्टनच्या तोंडावरचे सील. साध्या बंदुकांत चामड्याचा वॉशर असे. रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपाचा वॉशर जसा तेलात भिजवून पुन्हा बसवतात, तसा तोही जिवंत करता येई. डायनाच्या या रायफलींत त्या काळचे प्लास्टिक वापरले होते. ते वापराने झिजते असे नाही. रायफल कपाटात पडून असली तरी वयानेच भुगा होते. नळीतून तपकिरी कण येणे, छर्रा खाली लागणे, बार होताना धातूवर धातू आपटल्याचा आवाज येणे, ही त्याची लक्षणे. अशा वेळी 'अजून थोडे चालवू' म्हणू नये. गादीच उरली नसल्याने पिस्टन थेट आपटतो आणि चाकांचे दात जाऊ शकतात.

इथेच आपल्याकडची हुशारी आडवी येते. पहिला सल्ला मिळतो तेल घालण्याचा. माझ्या पहिल्या, साध्या बंदुकीत मी शिलाई मशीनचे तेल सोडले. मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि मला वाटले ताकद वाढली! पाण्याचे डिझेल इंजिन ज्या तत्त्वावर चालते तेच आत घडले होते : दाबलेली हवा तापली आणि तेल पेटले. चार-पाच बारांत सील जळाले.

दुसरा सल्ला कडक स्प्रिंगचा. मला एका ओळखीच्या मिस्त्रीने तो दिला आणि मी जवळजवळ मानला होता. पण ही रायफल मुद्दामच सौम्य असते. जर्मनीत साडेसात ज्यूलपर्यंतच्या हवाई बंदुकांवर पंचकोनात 'एफ' अक्षर असते. कागदाला भोक पाडायला तेवढे पुरते. कडक स्प्रिंगने नेम सुधारत नाही, धक्का मात्र वाढतो. आपल्याकडेही २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या हवाई बंदुकीला शस्त्र नियम २०१६ नुसार परवाना लागतो.

शेवटी सील बदलायला मी रायफल जाणकाराकडेच दिली. दोन्ही पिस्टन चाकांवर जुळवताना एक दात जरी चुकला तरी टायमिंग बिघडते. शिवाय आत दाबलेली स्प्रिंग असते, ती साधनाशिवाय सोडणे धोक्याचे आहे.

घरी करण्यासारखे काम साधे आहे. छर्ऱ्याशिवाय बार करू नये. समोर हवेची उशी न राहिल्याने पिस्टन आपटतो. छर्रा भरताना बाजूचा दांडा हाताने धरून ठेवावा, बोट वाचते. रायफल भरून किंवा स्प्रिंग ताणून ठेवू नये. नळीत लोखंडी ब्रश घालू नये, मऊ फेल्टचा बोळा पुरतो. आमच्याकडे पावसाळ्यात लोखंडाला लगेच तांबेरा धरतो, म्हणून हात लागलेला धातू तेलाच्या फडक्याने पुसावा. दस्ता घासून चकचकीत करू नये. जवसाच्या तेलाचे दोन थेंब तळहाताने चोळले की झाले. छर्रे शिशाचे, म्हणून नंतर हात साबणाने धुवावेत.

दुरुस्ती जमली का, हे कागद सांगतो. रायफल उशीवर टेकवून दहा मीटरवर दहा छर्रे सोडावेत. सगळे मिळून एकच भोक पडले, तर रायफलीला आणखी काही करू नये.

आमचा तो कागद मी जपून ठेवला आहे. पुतणीच्या कागदावर अजून भोके विखुरलेली असतात. ती चिडते, रायफलीकडे बघते. मी जपलेला कागद तिच्यापुढे ठेवतो. ती पुन्हा उभी राहते.