आधी नोटा, मग माणसं

२८ फेब्रुवारी १९९७. लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलीवूड भागात अंगावर चिलखत चढवलेले दोन दरोडेखोर बँकेतून बाहेर पडले आणि पुढची ४४ मिनिटं भररस्त्यात गोळ्या झडत राहिल्या. पोलिसांच्या पिस्तुलांचा त्या चिलखतांवर काही परिणाम होईना. जखमी पडलेल्यांना बाहेर काढायला पोलिसांनी मग काय आणलं असेल? रोकड वाहणारी चिलखती गाडी!

अमेरिकी पोलिसांच्या ‘बेअरकॅट’ या चिलखती गाडीची कुळकथाही रोकडीपासूनच सुरू होते. ती बनवणारी मॅसेच्युसेट्समधल्या पिट्सफील्डची ‘लेंको’ कंपनी आधी पैशांच्या गाड्याच बांधायची. पोलादी कवच नोटांना आधी मिळालं. माणसांचा नंबर नंतर लागला.

बेअरकॅटची चासी फोर्डच्या एफ-५५० ट्रकची. तिच्यावर टणक पोलादाची पेटी. पण कारागिराचा कस लागतो तो फटींपाशी. दार आणि चौकटीच्या सांध्यातून गोळी आत घुसू शकते, म्हणून फटीच्या मागे आणखी एक पोलादी पट्टी येते. रेडिएटरचा पेच तर मजेदार आहे: वारा आत यायला हवा, गोळी यायला नको.

सगळ्यांत नवल काचेचं. तिच्यात काचेचे अनेक थर असतात आणि आतल्या अंगाला पॉलिकार्बोनेट. बाहेरची कठीण काच गोळीचं टोक बोथट करते आणि स्वतः तडकते. तडकण्यातच गोळीचा जोर खर्ची पडतो. आतलं लवचिक प्लास्टिक उरलासुरला धक्का आणि उडालेल्या कपच्या झेलतं. थोडक्यात, ही काच फुटण्यासाठीच बसवलेली असते.

या सगळ्याचं वजन मात्र कुणाला चुकत नाही. बिजागऱ्या, ब्रेक, स्प्रिंगा, सगळंच दणकट घ्यावं लागतं. टायरमधली हवा गेली तरी आतल्या टणक कड्यावर गाडी काही अंतर पळते.

छतावर झाकण, बाजूंना बंदुकीपुरत्या झडपा, बाहेरून लटकून जायला पायपट्ट्या, हे सगळं ओघानं आलंच. २६/११ नंतर मुंबई पोलिसांकडे आलेली महिंद्राची ‘मार्क्समन’ याच जातकुळीतली, आकारानं आटोपशीर.

आणि कधी कधी गाडीचं वजन हेच हत्यार होतं. जून २०१६मध्ये ऑर्लँडोच्या ‘पल्स’ नाइटक्लबमध्ये बंदूकधाऱ्यानं लोकांना ओलीस धरलं होतं. पोलिसांच्या स्फोटानं तिथली भिंत पुरती फुटली नाही, तेव्हा त्यांनी बेअरकॅटच तिच्यावर घातली. त्या भगदाडातून आत अडकलेले लोक बाहेर आले.