पऱ्हाटी जाळायची की कुजवायची? वऱ्हाडातल्या जमिनीचा हिशेब

कपाशीची उलंगवाडी झाली की अकोला-अमरावतीच्या शिवारात एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो. उपटलेल्या पऱ्हाटीचं करायचं काय? पूर्वी ती चुलीत जायची. आता घरोघरी गॅस आला, त्यामुळे पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर पडून राहतात आणि पुढच्या हंगामाच्या मशागतीआधी त्यांना काडी लावली जाते.

दुसरीकडे शेतकऱ्यांची तक्रार असते, "खत वाढवलं तरी पीक पहिल्यासारखं येत नाही." या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे. तो समजून घेऊ.

जाळल्यावर नेमकं काय जातं?

राखेत पोटॅश, कॅल्शियम आणि काही प्रमाणात स्फुरद उरतं. म्हणून 'राख शेतात पडली म्हणजे खतच झालं' असं वाटतं. पण काडातलं जवळपास सगळं नत्र आणि बरंचसं गंधक धुरावाटे उडून जातं. सगळ्यात मोठं नुकसान असतं कर्बाचं. पिकानं वर्षभर हवेतून गोळा केलेला कर्ब काही मिनिटांत हवेत परत जातो.

हा कर्ब इतका महत्त्वाचा का?

माती तपासणीच्या अहवालात 'सेंद्रिय कर्ब' असा रकाना असतो. तो ०.५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर जमीन 'कमी' गटात धरतात, ०.७५ टक्क्यांच्या वर असेल तर 'जास्त' गटात. हा आकडा छोटा दिसतो, पण मातीतल्या जिवाणूंचं अन्न तेच. मातीचे कण एकमेकांना धरून ठेवणं, पाणी मुरणं आणि टाकलेलं खत मुळांपर्यंत पोहोचणं, हे सगळं त्यावर अवलंबून असतं.

वऱ्हाडात तो टिकवणं अवघड जातं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि उघड्या, नांगरलेल्या जमिनीतला सेंद्रिय भाग झपाट्यानं झिजतो. त्यात घरची जनावरं कमी झाल्यामुळे उकिरडाही लहान झाला. ट्रॉलीभर शेणखत विकत घ्यायचं तर दर परवडत नाही. मग घरचा काडीकचरा सोडला तर कर्बाचा दुसरा मोठा साठा शेतकऱ्याकडे उरतच नाही.

मग पऱ्हाटी सरळ मातीत गाडली तर?

इथे थोडं थांबावं लागतं. पऱ्हाटी म्हणजे जवळपास लाकूडच. तिच्यात सुमारे एक चतुर्थांश भाग लिग्निन असतं, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा आणि सहज न कुजणारा घटक. शिवाय तिच्यात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी कमी.

जिवाणूंना कर्ब खाताना सोबत नत्रही लागतं. काडात ते मिळालं नाही की ते मातीतलं नत्र उचलतात. त्यामुळे कच्चं काड गाडून लगेच पेरणी केली तर कोवळं पीक पिवळं पडू शकतं. हे नत्र कायमचं जात नाही, पण पिकाला गरज असते तेव्हा ते अडकून बसतं. कुजवण्याची ही प्रक्रिया शेताबाहेर, ढिगात किंवा टाक्यात उरकून घेणं म्हणजेच कंपोस्ट.

पऱ्हाटी कुजते का?

कुजते, फक्त तिला आधी मोडावं लागतं. ही युक्ती जुनी आहे. १९२४ मध्ये इंदूरला सुरू झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' विकसित केली. १९३१ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतरस्त्यावर पसरायच्या आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडू द्यायच्या, मग त्या ढिगात घालायच्या, अशी त्यांची साधी रीत होती. आज हेच काम ट्रॅक्टरवर चालणारं कुट्टी यंत्र करतं.

दुसरी पद्धत तर वऱ्हाडातलीच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी ती तयार केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून देशभर ओळखली जाते. कमी शेणात जास्त खत, हा तिचा गाभा.

नाडेपचं टाकं कसं भरतात?

• टाकं साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असतं. हवा खेळावी म्हणून विटांच्या भिंतीत भोकं ठेवतात.

• तळाला सहा इंचांचा काडीकचऱ्याचा थर देतात. त्यावर शेणकाला शिंपडतात आणि वर बारीक, कोरडी माती पसरतात. असेच दहा-बारा थर रचतात.

• एका टाक्याला सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, १७५० किलो माती आणि १५०० ते २००० लिटर पाणी लागतं.

• वरून शेणमातीनं लिंपतात. दोन-तीन आठवड्यांत ढीग खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपतात.

• साधारण ९० ते १२० दिवसांत खत तयार होतं. जाड पऱ्हाटी कुट्टी न करता टाकली तर जास्त वेळ लागतो.

पऱ्हाटीच्या कुट्टीत नत्र कमी असल्यानं टनामागे ५ ते १० किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडला तर कुजण्याला वेग येतो. सोयाबीनचं कुटार किंवा हिरवा पाला मिसळला तरी मदत होते. ट्रायकोडर्मासारखी बुरशी लिग्निनयुक्त काड कुजवायला उपयोगी पडते. ओलावा मात्र मोडता कामा नये. फेब्रुवारीत विहिरीला पाणी असेल तर तेव्हाच टाकं भरलेलं बरं. खत पेरणीपर्यंत तयार होतं. पाणी नसेल तर कुट्टी झाकून ठेवून पावसाळ्याच्या सुरुवातीला भरता येते. ते खत रब्बीला वापरता येतं.

कंपोस्ट टाकलं की रासायनिक खत बंद करायचं का?

समाजमाध्यमांवर सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावर होतात. त्याचं उत्तर अकोल्यातल्या एका प्रयोगात सापडतं. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर १९८८ पासून काळ्या जमिनीत ज्वारी-गहू ही फेरपालट घेतली जाते. काही वाफ्यांना काहीच खत देत नाहीत. काहींना फक्त नत्र, काहींना नत्र-स्फुरद-पालाश, काहींना फक्त शेणखत, तर काहींना शिफारशीचं पूर्ण खत आणि सोबत हेक्टरी ५ टन शेणखत, असे वर्षानुवर्षं तेच उपचार त्याच वाफ्यांना दिले जातात.

खत आणि शेणखत एकत्र मिळणाऱ्या वाफ्यांची कामगिरी सर्वांत चांगली राहिली. उत्पादनही जास्त आणि मातीतला कर्बही वाढलेला. फक्त नत्रावर चालवलेली जमीन मागे पडली. फक्त शेणखतावरच्या वाफ्यांची माती सुधारली, पण उत्पादनात त्यांना संतुलित खतांची बरोबरी करता आली नाही.

कारण साध्या गणितात आहे. शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असतं. म्हणजे ५ टनांत २५ किलो. त्यातलं पहिल्या हंगामात पिकाला जेमतेम एक तृतीयांश मिळतं, म्हणजे आठेक किलो. बागायती गव्हाची गरज हेक्टरी १२० किलोंच्या आसपास आहे. ती भूक एवढ्या शेणखतानं भागत नाही. पण खत धरून ठेवणारी, पाणी साठवणारी आणि जस्तासारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं पुरवणारी माती युरियाच्या पोत्यातून मिळत नाही. पोतं पिकाला खाऊ घालतं, कंपोस्ट मातीला. दोघांचं काम वेगळं आहे.

बोंडअळीचं काय?

हा मुद्दा विसरून चालत नाही. २०१७ मध्ये विदर्भानं गुलाबी बोंडअळीचा मोठा फटका सोसला. पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत ही अळी दडून बसते. त्यामुळे ढीग महिनोन्‌महिने धुऱ्यावर ठेवणं जाळण्याइतकंच वाईट. फरदड न घेता पऱ्हाटी वेळेत उपटायची, लगेच कुट्टी करायची आणि टाक्यात भरायची. ढीग नीट तापला तर आतलं तापमान ५५ अंशांच्या पुढे जातं. त्या उष्णतेत अळ्या आणि तणांचं बी तग धरत नाहीत.

एका टाक्यात किती जमीन भागते?

कोरडवाहू कपाशीच्या एका एकरातून साधारण एक टन पऱ्हाटी निघते. म्हणजे दीड एकराची पऱ्हाटी एका टाक्याला पुरते. त्यातून सुमारे तीन टन खत मिळतं. एकरी दोन टनांप्रमाणे ते पुन्हा त्याच दीड एकराला पुरतं. यात बरीच माती असल्यानं ते चांगल्या शेणखताइतकं कसदार नसतं, हेही लक्षात ठेवायला हवं. टाक्यात जे घातलं तेवढंच बाहेर येतं.

पाच एकरांच्या शेतकऱ्यानं दरवर्षी दीड एकर धरलं तर तीन-चार वर्षांत सगळ्या शेताला एक फेरा होतो. सुरुवातीला त्या तुकड्याची माती तपासून सेंद्रिय कर्बाचा आकडा लिहून ठेवावा आणि फेरा पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासावा. कर्ब सावकाश वाढतो, एका हंगामात फरक दिसत नाही. पण काडी लावली तर तो कधीच वाढणार नाही.