ओळीतले प्रारूप, आकृतीतले प्रारूप

पांढुर्णा-सौंसर भागातील मराठी घरांतली अनेक मुले शाळेत हिंदीतून शिकतात आणि अभियांत्रिकीला गेल्यावर सूत्रे इंग्रजीत लिहितात. सूत्र पाठ होते, पण त्यातली हालचाल डोळ्यांपुढे येत नाही. त्यासाठी सायलॅब या मुक्त प्रणालीतील एक्सकॉस हे आकृतीचे साधन मला उपयोगी वाटते. मुंबई आयआयटीचा फॉसी प्रकल्प सायलॅबचा प्रसार करतो.

संत्र्याच्या बागेतील पाण्याची टाकी घेऊ. तळाचे क्षेत्रफळ २ चौरस मीटर, आवक ताशी १ घनमीटर. जावक पाण्याच्या उंचीवर अवलंबून आहे: उंचीला ०.५ ने गुणले की ताशी घनमीटर मिळतात. (प्रत्यक्षात जावक उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, इथे सोपे रूप घेतले आहे.) स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकासाठी लिहिलेल्या सूचनांत, एवढेच येते:

उंची वाढण्याचा वेग = (आवक − ०.५ × उंची) ÷ २

हे प्रारूप एक्सकॉसमध्ये दोन प्रकारे मांडता येते. पहिल्या प्रकारात ‘सीएलएसएस’ हा एकच ठोकळा घेऊन त्याला −०.२५, ०.५, १ आणि ० हे चार आकडे द्यायचे. रिकाम्या टाकीपासून सुरुवात केली की आलेख बरोबर येतो: ४ तासांनी उंची सुमारे १.२६ मीटर, पुढे हळूहळू २ मीटरकडे. पण ठोकळ्याच्या आत काय चालले आहे ते झाकलेलेच राहते.

दुसऱ्या प्रकारात बेरजेचा, गुणाकाराचा आणि संकलनाचा ठोकळा वेगवेगळा जोडायचा. संकलनातून उंची बाहेर पडते. तिच्यापासून निघालेला एक बाण ०.५ ने गुणला जाऊन, वजा चिन्हासह, बेरजेकडे परततो. सूत्रातले लहानसे वजा चिन्ह इथे पूर्ण फेरा होऊन दिसते. तो बाण तोडून पाहावा: उंची ताशी अर्धा मीटर वाढतच जाते, थांबत नाही. टाकी कशामुळे स्थिरावते, हे विद्यार्थ्याला मग सांगावे लागत नाही.

एक धोका मात्र आहे. ठोकळ्यांत आकडे हाताने भरले की स्क्रिप्ट एक सांगते आणि आकृती दुसरेच. म्हणून ठोकळ्यांत फक्त नावे लिहावीत. आकडे देणाऱ्या ओळी ‘सिम्युलेशन’ यादीतील ‘सेट कॉन्टेक्स्ट’मध्ये एकाच जागी ठेवाव्यात. तिथे ०.५ चे १ केले, तर टाकी १ मीटरवर आणि दुप्पट वेगाने स्थिरावते. आकृती बरोबर आहे का, हे तपासायला दोन्ही प्रकारांचे आलेख एकाच पडद्यावर काढावेत. रेषा एकमेकींवर बसल्या पाहिजेत.

शिक्षकांना माझी एकच सूचना आहे. संगणक सुरू करण्याआधी विद्यार्थ्याकडून हे वाक्य मराठीत वदवून घ्यावे: पाणी चढले की जावक वाढते, जावक वाढली की चढणे मंदावते. या वाक्यातला प्रत्येक ‘की’ म्हणजे आकृतीतला एक बाण. वाक्य नीट सांगता आले, तर बाण कुठे जोडायचा हे विद्यार्थी स्वतःच ठरवतो.