सामायिक ड्राइव्हवरील फाइल आणि देवनागरी नावे

बोलीभाषेचा क्षेत्रीय प्रकल्प निवडलेल्या विद्यार्थ्यांना मुलाखतींची ध्वनिमुद्रणे पुष्कळदा सामायिक नेटवर्क ड्राइव्हवरून स्वतःच्या संगणकावर घ्यावी लागतात. हे काम मध्येच अडले की ‘नेटवर्क बंद पडले’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. मराठीत काम करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र अडचण फाइलच्या नावातही असू शकते. म्हणून हा प्रश्न तंत्रज्ञाइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.

प्रथम एक साधी कसोटी घ्यावी. त्याच फोल्डरमधील एखादी लहान, आखूड नावाची फाइल कॉपी करून पाहावी. तीही आली नाही, तर जोडणी किंवा वाचनाची परवानगी तपासावी. परवानगी ड्राइव्हची व्यवस्था पाहणाऱ्यांकडूनच मिळते. लहान फाइल आली आणि पेनड्राइव्हवर घेताना एखादे मोठे चित्रीकरणच अडले, तर तो पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीचा आहे का ते पाहावे. त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकसंध फाइल मावत नाही, मग जागा कितीही मोकळी असो.

या दोन्ही शक्यता निकालात निघाल्या की नावाकडे वळावे. ‘क्षेत्रीय’ या शब्दात आपण तीन अक्षरे मोजतो. युनिकोडमध्ये मात्र व्यंजन, हलन्त आणि मात्रा यांना स्वतंत्र संकेत असल्यामुळे तेथे नऊ संकेत होतात. विंडोज ही नऊ संख्या धरते आणि ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतच्या संपूर्ण मार्गाला सर्वसाधारणपणे २६० संकेतांची मर्यादा घालते. सामायिक ड्राइव्हवर हा मार्ग एका रोमन अक्षरापासून सुरू होतो, म्हणून आखूड असतो. तेच फोल्डर आपण ‘डॉक्युमेंट्स’मधील चार फोल्डरांच्या आत उतरवू लागलो की मार्ग लांबतो आणि नाव फार मोठे असल्याची सूचना येते. अशा वेळी सी ड्राइव्हवर थेट एखादे एकाक्षरी फोल्डर करून त्यात कॉपी करावे. मूळ नावे बदलावी लागत नाहीत.

उलट दिशेने, म्हणजे ड्राइव्हवर फाइल ठेवताना, वेगळाच हिशेब लागू शकतो. अनेक सामायिक साठवण-यंत्रे लिनक्सवर चालतात. तेथे एका नावाला सहसा २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो. ‘क्षेत्रीय’ तेथे सत्तावीस बाइटचा होतो. पूर्ण देवनागरी नाव ८५ संकेतांतच संपते. गाव, तालुका, निवेदकाचे वय आणि दिनांक हे सारे नावात कोंबण्याची आपली सवय येथे आड येते. तो तपशील वेगळ्या नोंदवहीत ठेवणे शास्त्रीयदृष्ट्याही अधिक योग्य.

आणखी एक दोष निखालस आपल्या लेखनातला आहे. ‘दुःख’ लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकित करणारे असंख्य आहेत. विंडोजला फाइलच्या नावात ते चिन्ह चालत नाही, लिनक्सला चालते. त्यामुळे लिनक्सवर दिलेले असे नाव विंडोजवर एक तर विचित्र रोमन रूपात दिसते किंवा ती फाइल कॉपीच होत नाही. ‘ऱ’ या वर्णाचीही अशीच गंमत आहे: तो एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ला नुक्ता जोडूनही. डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावे संगणकाला भिन्न वाटतात आणि एकाच मुलाखतीच्या दोन फाइली शेजारी शेजारी नांदतात. कोणतीही पुसण्यापूर्वी दोन्ही उघडून ऐकाव्यात.

फाइल आली, पण मजकूर निरर्थक रोमन अक्षरांत दिसतो, ही तक्रार कॉपीची नव्हे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील तो मजकूर असतो. तो फॉन्ट बसवला की वाचता येतो. बिघडली समजून अशी फाइल टाकून देऊ नये.

ध्वनिमुद्रणे घेताना ‘कट’ची आज्ञा कटाक्षाने टाळावी. जोडणी मध्येच तुटल्यास काही फाइली येथे आणि काही तेथे राहतात, आणि निवेदक वृद्ध असेल तर ती मुलाखत पुन्हा मिळेलच असे नाही. कॉपी पूर्ण झाल्यावर दोन्ही फोल्डरांच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये फाइलींची संख्या आणि बाइटमधील आकार ताडून पाहावा. ‘डिस्कवरील आकार’ ही ओळ दोन्हीकडे वेगळी दिसू शकते. ती धरू नये. आकडे जुळले तरी दोन-तीन मुद्रणे अखेरपर्यंत ऐकावीत आणि मगच मूळ फोल्डर बंद करावे.