चौघांना विचारावे

इंदूरहून निघालेली मोटार खंडवा-बुऱ्हाणपूर मागे टाकून इच्छापूरच्या रस्त्याला लागली, की दुतर्फा केळीच्या बागा दिसू लागतात आणि कानावर पडणारी बोली हळूहळू मराठीकडे वळते. याच रस्त्यावर शाहपुर. तेथे माझ्या आतेभावाचे घर आहे. मागील दिवाळीत त्याने मुद्दाम बोलावणे धाडले, ते काही केवळ फराळासाठी नव्हे. “दादा, पोरगा नोकरी सोडतो म्हणतो. तुम्ही चार शब्द सांगा.”

पुतण्या पिथमपूरला एका कारखान्यात सहा वर्षे नोकरीस. आता गावी येऊन केळीच्या वेफर्सचा धंदा काढावा, असा त्याचा बेत. केळी हे बुऱ्हाणपूर जिल्ह्याचे निवडलेले उत्पादन. शिवाय केंद्र सरकारने 2020 साली सुरू केलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान. आकडे त्याला तोंडपाठ होते. प्रश्न होता तो बापाच्या चार एकरांचा. ते गहाण टाकावेत काय?

वाचकहो, सल्ला देण्याचा मला अधिकार तो कोणता? तरुणपणी एका स्नेह्याच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो. जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच, हे 1872 च्या करार कायद्यात स्पष्ट लिहिलेले. पण सही करताना तो वाचतो कोण! स्नेही फिरकला नाही आणि हप्ते माझ्या पगारातून जात राहिले. सही करण्यापूर्वी मी कोणालाच विचारले नव्हते. विचारणे म्हणजे मित्रावर अविश्वास, असे तेव्हा वाटे.

म्हणून मी आतेभावाला म्हटले, “माझे एकट्याचे ऐकू नका. संध्याकाळी ओट्यावर चला.”

ओट्यावर निवृत्त गुरुजी होते, केळीचे एक व्यापारी होते आणि ज्याचे वेफर्सचे यंत्र तीन वर्षांतच बंद पडले असा एक गृहस्थही होता. गुरुजींनी कागद पाहून सांगितले, “अनुदान कर्जखात्याशी बांधलेले असते, ते खिशात येत नाही. आणि दहा लाखांपर्यंतच्या छोट्या उद्योगाच्या कर्जाला तारण घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक 2010 पासून आहे. मग जमिनीचा विषय निघालाच कसा?” व्यापारी म्हणाले, “कच्चा माल स्वस्त आहे म्हणून धंदा चालत नाही. भाव चढला तर शेतकरी तुला केळी का देईल?”

तो तिसरा गृहस्थ बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, “माझे यंत्र चांगले चालत होते. बुडवले ते उधारीने. दुकानदार माल ठेवून घेत, पैसे देत पुढच्या सणाला. तेलवाला मात्र रोख मागे. घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे बाजूला नसतील तर नोकरी सोडू नकोस. आधी दुसऱ्याच्या भट्टीवर तळून बघ, विकून बघ.”

पुतण्याचा चेहरा उतरला. पण त्याने वही काढली. मग धीर करून मीही माझी जामिनकीची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती चारचौघांत प्रथमच सांगत होतो. आतेभाऊ थक्क होऊन म्हणाला, “दादा, तेव्हा एक पत्र तरी टाकायचे होते!” मी निरुत्तर झालो.

पुतण्या अजून नोकरीत आहे. सुटीत गावी येऊन तळतो, पाकिटे भरतो आणि रोखीने जेवढी खपतील तेवढीच विकतो. जमीन बापाच्याच नावावर, मोकळी. धंदा उभा राहील की नाही, हे ओट्यावरही कोणी छातीठोकपणे सांगत नाही. पण हुशार माणसाइतकाच हात पोळलेला माणूसही विचारण्याजोगा असतो, एवढे मात्र मी शाहपुरात शिकलो. आणि पोळलेल्याने आपली गोष्ट लपवून ठेवू नये, हेही.