गुडघ्याची गादी कुठे तयार होते?

पन्नाशी उलटली की घराघरांतून गुडघ्यांचा विषय निघू लागतो. ‘वाटी झिजली’, ‘वंगण संपले’, ‘गादी गेली’ हे शब्द आपण अशा सहजतेने वापरतो, की जणू गुडघा म्हणजे सायकलचे चाक. तेल सोडले की पुन्हा फिरू लागेल. गादी भरून काढण्याची आशा दाखवणाऱ्या गोळ्या खपतात त्या याच समजुतीवर. पण ही गादी मुळात तयार कोण करते, आणि कुठे? त्याचे उत्तर पेशीच्या पोटात आहे.

हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत थर असतो ती कूर्चा. तिचा निम्म्याहून बराच अधिक भाग पाणीच असते. हे पाणी धरून ठेवतात प्रोटिओग्लायकन नावाचे रेणू. त्यांतला प्रमुख म्हणजे अ‍ॅग्रिकन. बाटली धुण्याचा ब्रश डोळ्यांपुढे आणा. मधली तार म्हणजे प्रथिन आणि भोवतालचे केस म्हणजे शर्करेच्या लांब साखळ्या. एकेका अ‍ॅग्रिकनवर कोंड्रॉइटिन सल्फेटच्या अशा सुमारे १०० साखळ्या असतात. सल्फेटचे ऋण विद्युतभार एकमेकांना दूर लोटतात आणि पाणी ओढून घेतात. जिना उतरताना हे पाणी दाबले जाते, पाय उचलला की परत येते. गादी म्हणतात ती हीच.

पहिला टाका

हा ब्रश एका जागी बनत नाही. तार, म्हणजे प्रथिन, रायबोसोमवर तयार होऊन आंतर्द्रव्यजालिकेत शिरते. इतर अनेक प्रथिनांना तिथेच १४ शर्करांचा तयार गुच्छ एका दमात बसवला जातो. प्रोटिओग्लायकनची रीत निराळी. इथे एकेक शर्करा हाताने ओवल्यासारखी जोडली जाते. प्रथम प्रथिनातील सेरीन या अमिनो आम्लावर झायलोज बसते. हा पहिला टाका जालिकेच्या अखेरच्या भागात पडतो की गॉल्गी संकुलाच्या पहिल्या कप्प्यात, याबाबत निरनिराळ्या पेशींवरील प्रयोगांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. पुढचे काम मात्र निःसंशय गॉल्गीचे. तिथे दोन गॅलॅक्टोज आणि एक ग्लुकुरॉनिक आम्ल जोडले जाते. चार शर्करांचा हा पाया झाला की त्यावर दोन शर्करा आलटूनपालटून जोडत साखळी वाढते आणि सल्फेटचा साज चढतो. प्रत्येक जोडणीचे विकर वेगळे. एक पायरी चुकली तर पुढची होत नाही.

ज्या गॉल्गी संकुलात हे घडते, ते खरोखर अस्तित्वात आहे का, याविषयीच अर्धे शतक वाद चालला होता. इटलीतील पाव्हिया येथे कामिल्लो गॉल्गी यांनी १८९८ मध्ये चांदीच्या क्षाराने मज्जापेशी रंगवताना ही जाळी पाहिली. अनेकांना तो रंगाचा डाग वाटला. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हा वाद मिटवला. १९६४ मध्ये गॉडमन आणि लेन यांनी कूर्चेच्या पेशींना किरणोत्सारी सल्फेट दिले, तेव्हा त्याच्या खुणा गॉल्गीच्या जागी उमटल्या. कारखान्याचा पत्ता असा सापडला.

चूक आणि तिची किंमत

हा पत्ता केवळ पुस्तकी नाही. डायस्ट्रॉफिक डिस्प्लेझिया या आनुवंशिक विकारात मुलांची उंची खुंटते, सांधे आखडतात, पावले वाकडी होतात. याचे जनुक १९९४ मध्ये सापडले. दोष एवढाच, की सल्फेट पेशीत आणणारे द्वार नीट चालत नाही. कारखाना शाबूत, कारागीर हजर. पण कच्चा माल अपुरा. साखळ्या बनतात, सल्फेट मात्र कमी पडते.

आता गोळ्यांकडे वळू. कोंड्रॉइटिन आणि ग्लुकोसामाइन यांची परीक्षा अमेरिकेत गुडघेदुखीच्या १,५८३ रुग्णांवर झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सर्व रुग्ण एकत्र धरता या गोळ्या खोट्या गोळीपेक्षा लक्षणीय सरस ठरल्या नाहीत. मध्यम ते तीव्र वेदना असलेल्या छोट्या गटात दोन्हींच्या जोडीने काही लाभ दिसला, पण तेवढ्यावरून खात्री देता येत नाही. गिळलेली साखळी थेट जाऊन कूर्चेतल्या प्रथिनावर चिकटू शकत नाही, हे वरच्या वर्णनावरून ध्यानात यावे. साखळी पेशीच्या आत, ठरलेल्या कप्प्यात, ठरलेल्या क्रमानेच विणावी लागते. त्यासाठी लागणाऱ्या शर्करा पेशी आपल्या रोजच्या भाजीभाकरीतून मिळणाऱ्या ग्लुकोजपासून स्वतःच घडवते.

मग आपल्या हाती काय उरते? कूर्चेत पेशी विरळ, रक्तवाहिन्या नाहीत. म्हणून झीज भरून येणे कठीण. वजन आटोक्यात ठेवणे आणि मांडीचे स्नायू बळकट राखणे, हे डॉक्टरांचे जुनेच सांगणे त्यामुळे आजही खरे आहे. गादी बाहेरून भरता येत नाही. ती विणणाऱ्या मोजक्या कारागिरांवरचा भार मात्र आपण हलका करू शकतो.