दरीतील नाव आणि घाटावरची नोंद

जबलपूरपासून सुमारे वीस किलोमीटरांवर, भेडाघाट येथे, नर्मदा धुआंधारच्या कड्यावरून कोसळते आणि पुढे जवळजवळ तीन किलोमीटर संगमरवरी दरीतून वाहते. पंचवटी घाटावरून निघालेल्या वल्ह्यांच्या नावा प्रवाहाविरुद्ध या दरीत शिरतात आणि तासाभरात परत येतात. प्रवाशाचे लक्ष खडकांच्या रंगांकडे असते. सुरक्षिततेचा विचार करणाऱ्यास मात्र त्याच खडकांचे दुसरे लक्षण जाणवते: बऱ्याच ठिकाणी ते पाण्यातून सरळ वर उठलेले आहेत, तेथे काठ असा नाहीच. पाण्यात पडलेल्या माणसाला हात टेकण्यास जागा नसते. आणि पहिल्या वळणापलीकडे गेलेली नाव घाटावरून दिसतही नाही.

दृष्टीआड गेलेल्या लहान नावेचा ठावठिकाणा कसा राखावा, हा प्रश्न समुद्रावर अधिक पद्धतशीरपणे हाताळला गेला आहे. तेलविहिरींच्या फलाटांकडे किंवा समुद्रातील पवनचक्क्यांकडे कामगारांना नेणाऱ्या लहान नौकांवर एक स्वयंचलित ओळखयंत्र असते. ते उपग्रहांच्या संकेतांवरून नौकेचे स्थान काढते आणि ओळखक्रमांक, वेग व दिशा यांसह रेडिओलहरींवरून सतत प्रक्षेपित करते. लहान नौकांसाठीचे साधे यंत्र, नौका चालू असता, साधारणतः दर तीस सेकंदांनी असा संदेश देते. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. म्हणून उघड्या समुद्रावर, अँटेना उंच असल्यास, त्या कित्येक किलोमीटर पोचतात.

भेडाघाटच्या दरीत हीच सरळ रेषा अडचणीची ठरते. स्थान काढण्यास किमान चार उपग्रह दिसावे लागतात. येथे आकाशाची एक अरुंद पट्टी तेवढी दिसते, आणि कड्यांवर आपटून आलेले संकेत मोजणीत चूक घडवितात. रेडिओसंदेशालाही खडक आडवा येतो. कड्याच्या माथ्यावर मधला ग्रहणसंच बसविला तर काही भाग भरून निघेल. परंतु अशा जागी यंत्राहून जुनी पद्धत अधिक भरवशाची आहे. किती माणसे चढली, नाव केव्हा सुटली आणि केव्हा परतावयास हवी, हे घाटावरच्या एका माणसास ठाऊक असणे, ही ती पद्धत होय.

ही मोजणी क्षुल्लक वाटते खरी. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली. बोटीवर परवान्याहून अधिक, शंभरावर माणसे होती. अशा वेळी चढलेल्यांची अचूक संख्या हाती नसेल, तर शोध केव्हा थांबवावा हे शोधपथकास कोण सांगणार?

नर्मदेवर आणखी एका गोष्टीचा माग ठेवावा लागतो, तो पाण्याचा. जबलपूरच्या वरच्या बाजूस बरगी धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की खालच्या पात्रातील पातळी व ओढ बदलते. नदीकाठच्या माणसाला पावसाची चाहूल ढगांवरून लागते, सोडलेल्या पाण्याची तशी लागत नाही. देवास जिल्ह्यातील धाराजी येथे एप्रिल 2005 मध्ये, ऐन कोरड्या दिवसांत, वरच्या इंदिरासागर धरणातून आलेल्या पाण्याने मेळ्यासाठी जमलेल्या भाविकांपैकी साठांहून अधिक जणांचा बळी घेतला. भेडाघाटला पावसाळ्यात नौकाविहार बंद असतो. पण धाराजीची दुर्घटना पावसाळ्यातील नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. धरणावरील सूचना घाटावर वेळीच पोचली, तरच सुटलेल्या नावा परत बोलाविता येतात, आणि दरीत ते बोलावणे माथ्यावरच्या भोंग्यानेच पोचू शकेल.

1917 च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 मध्ये यंत्राविना चालणाऱ्या नावांचीही दखल घेतली आहे. जीवरक्षक जाकिटाबद्दल वेगळे सांगावयास नको. मात्र ते नावेच्या तळाशी रचून ठेवलेले नसावे, प्रत्येकाच्या अंगावर बांधलेले असावे. आणि नाव ठरल्या वेळेला परतली नाही, तर दुसरी नाव कोणत्या नावाड्याने काढावयाची, हे पहिली सुटण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते.